जावयाचा निळा हौद

१० मे, रविवार

जिनिंग बंद झालं की मला घरात करमत नाही. हंगामात काट्यावर बसून कापसाच्या गाड्या तोलणारा माणूस मे महिन्यात नुसती अडगळ होतो, असं दैवशालाचं म्हणणं आहे. लग्नाला तीस वर्षं झाल्यावर बायकोचं म्हणणं खोडायला जाऊ नये, म्हणून बियाणाच्या दुकानदारानं दिलेली ही डायरी उघडून बसलो. जानेवारीपासून कोरी होती. आता लिहिण्यासारखं काम हाती आलंय.

पुढच्या रविवारी धोंड्याचा महिना लागतोय. साक्षीच्या लग्नानंतरचा पहिलाच धोंडा. जावयाला बोलवायचं, पाय धुवायचे, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, वाण द्यायचं. सगळं करायला मी एका पायावर तयार आहे. अडचण एकच. आमचे जावई आदिनाथराव पन्हाळ्याकडचे. तिकडं म्हणे मे महिन्यातही पहाटे पांघरूण लागतं. मागच्या मे महिन्यात आमच्या सेलूच्या मांडवात ते तिसऱ्या मंगलाष्टकाला चक्कर येऊन पडले. शुद्धीवर आल्यावर पहिलं काम काय केलं, तर मांडवातला बंद पडलेला कूलर उघडून बसले. कपाळाला मुंडावळ्या, हातात पाना, आणि पंगती खोळंबलेल्या. दूध डेअरीत मशीन सांभाळतात ते. साक्षी फोनवर हसत सांगते की हाती घेतलेलं काम अर्धं टाकून हा माणूस उठतच नाही, ताट गार होऊन जातं.

तर आज तिचा फोन आला. चोवीस तारखेला सकाळच्या गाडीनं येणार आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जाणार. यांना ऊन सोसत नाही म्हणाली.

दिवाळीला ती दोन रात्री राहिली, तेवढीच. मला आठ दिवस पाहिजेत. घरात तिच्या बोलण्याचा आवाज पाहिजे, तिनं माझ्या चपला कुठंतरी ढकलून द्यायला पाहिजेत, आणि मी त्या शोधत ओरडायला पाहिजे. दैवशालाला हे बोललो नाही. ती म्हणेल, मग गावातलाच पोरगा बघायचा होता.

दिवसभर विचार केला आणि दुपारी मोबाइलवर उत्तर सापडलं. हवा भरायचा हौद. त्यात पाणी सोडायचं आणि माणूस बसवायचा. माणूस पाण्यात असला की ऊन त्याचं काय वाकडं करणार? मागवला. निळा आहे, मासे छापलेले आहेत. दैवशालाने विचारलं की जावयाला म्हशीसारखं पाण्यात बसवून जेवायला वाढायचं का. खरं तर कल्पना वाईट नाही.

१४ मे, गुरुवार

हौद आला! खोक्यातून काढला तेव्हा घडी केलेल्या सतरंजीएवढा होता. सायकलच्या पंपानं हवा भरायला बसलो. एकावर एक अशी तीन कडी आहेत, तिसरं भरेपर्यंत माझ्या डोळ्यांपुढं निळंच दिसायला लागलं. पण उभा राहिला तेव्हा अख्खं अंगण भरून गेलं. शेजारचे किशनराव भिंतीवरून बघत होते. रिटायर झाल्यापासून त्यांना तेवढंच काम आहे. म्हणाले, रामकिशन, यात मासे सोडणार का मुतखड्याचा पेशंट? मी बोअरचं पाणी सोडलं आणि कपड्यांसकट आत बसलो.

काय सांगू! बेचाळीस डिग्रीत माणूस पाण्यात बसून आकाशाकडं बघतो आणि आकाश त्याला काहीही करू शकत नाही. लहानपणी वालूरच्या बारवेत उडी मारायचो तेव्हाची आठवण आली. मी मोठ्यानं हसलो. दैवशाला बाहेर आली, बघितलं, आणि आत जाऊन हसली. मला ऐकू आलं.

संध्याकाळच्या एसटीनं माझी थोरली बहीण प्रयागअक्का वालूरहून आली. अनारसे करायचे तर ते अक्कानेच, असा घरातला नियम आहे. सोबत अर्धी शिवलेली वाकळ पण आणली, म्हणजे मुक्काम मोठा दिसतोय. हौद बघून तिनं विचारलं की हा जावयाला द्यायचा आहे की नुसता वापरायला. मी म्हणालो, देणारच, जाताना घडी करून बरोबर न्यावा. अक्काने सगळ्या कड्यांवरून हात फिरवला.

"जावायाच्या वाणाला जाळी लागती बाबा. अनारशाला असती, बत्ताशाला असती. ज्याला भोक न्हाई ते वाण पोचत न्हाई. ह्येला कुटं हाय भोक?"

मी अभिमानानं सांगितलं की भिंग घेऊन शोधलं तरी सापडणार नाही. अक्का काळजीत पडली. जुनी माणसं, नव्या वस्तूचं त्यांना दडपण येतं.

१५ मे, शुक्रवार

हौद झोपला.

सकाळी उठून बघतो तर वरचं कडं पिचकलेलं, निम्मं पाणी लिंबाच्या झाडाखाली. मग डोकं शांत ठेवून कडं पाण्यात दाबत दाबत गेलो. एका जागी बुडबुडे आले. भोक! बारीक, गोल, स्वच्छ. किशनरावांच्या मांजरीचं काम. मी भिंतीवरून त्यांना तसं सांगितलं. ते म्हणाले की मांजर गेले आठ दिवस त्यांच्या सुनेबरोबर गंगाखेडला आहे. सूनही माहेरी आणि मांजरही माहेरी! मग दुसरी कुठली तरी मांजर.

भोक किती खोल आहे ते बघायला अक्काजवळून वाकळ शिवायचं दाभण मागून घेतलं. नेमकं बसलं. दाभणाच्या मापाचं नख असणारी मांजर म्हणजे चांगलीच थोराड असणार. अक्काला हे सांगितलं तर ती मान खाली घालून शिवत राहिली.

कंपनीनं हौदासोबत चिकटवायची गोल ठिगळं दिली होती. शोधली तर ती दैवशालाने न्हाणीघरातल्या फुटक्या बादलीला लावलेली. बादली एक थेंब गळत नाही. म्हणजे ठिगळं उत्तम होती.

१७ मे, रविवार

आज अधिक लागला. तीन दिवसांत जे जे केलं ते लिहून ठेवतो, पुन्हा कुणी करू नये म्हणून. कणीक दाबून बसवली, मुंग्या आल्या. झटपट चिकटणारा डिंक लावला, त्यानं माझी दोन बोटं झटपट चिकटली आणि हौद तसाच राहिला. सायकलच्या ट्यूबचं ठिगळ लावलं, ते हवा भरेपर्यंत टिकलं आणि मग फटकन उडून दैवशालाच्या पापडावर जाऊन पडलं. पापड वाळत घातलेले होते. पुढचं लिहीत नाही.

१९ मे, मंगळवार

आज माझ्या आयुष्यातली मोठी चूक झाली. हौदाची घडी करून स्टँडसमोरच्या लिंबाजीच्या पंक्चरच्या दुकानात घेऊन गेलो. लिंबाजी म्हणाला, "मालक, माझं ठिगळ ट्रकचं टायर धरायलंय, ह्ये तर फुगा हाय." आणि त्यानं गरम साचा लावला.

दोन मिनिटं आम्ही दोघं कौतुकानं बघत होतो. मग वास आला. साचा उचलला तेव्हा दाभणाच्या भोकाची जागा पुरीएवढ्या भोकानं घेतली होती, आणि एक अख्खा मासा साच्याला चिकटून निघाला होता. लिंबाजीनं आधी साच्यावरचा मासा खरवडला. मग म्हणाला की जावयाला बसायला ट्रकची जुनी ट्यूब देतो, पैसे नकोत. मी नको म्हणालो. चौकापर्यंत आलो, विचार केला, परत गेलो आणि ट्यूब घेतली.

रस्ताभर खांद्यावर हौद आणि गळ्यात ट्यूब. ओळखीचे सगळे त्याच वेळी कसे भेटतात?

२१ मे, गुरुवार

जमलं! दैवशालाच्या शिलाई मशीनवर जाड प्लॅस्टिकचं आवरण होतं. होतं, असं लिहितोय, कारण आता त्याचा एक कोपरा हौदावर आहे. बोअरच्या पाइपाला लावायचं सोल्युशन सापडलं. ते चोपडलं, ठिगळ ठेवलं आणि वर पाटा ठेवला. दिवसभर कुणाला हात लावू दिला नाही. दुपारी दैवशालाला चटणी वाटायची होती, मी तिला मिक्सर दाखवला. ती मशीनचं आवरण बघून आधीच बोलत नव्हती, आता दुप्पट बोलत नाही.

संध्याकाळी हवा भरली. टिकली! मी पाट्याला नमस्कार केला.

२२ मे, शुक्रवार

रात्रभर टिकली. सकाळी अक्काला हात धरून दाखवायला नेलं. तिनं ठिगळावर बोट दाबलं. "पार बुजवलास का रे?" म्हणाली. मी म्हणालो, पार. हवेचा कणसुद्धा निघणार नाही. ती अनारशाच्या पिठाकडं गेली. कौतुक करणं तिच्या स्वभावात नाही, तोंडावर तर नाहीच.

साक्षीचा फोन आला होता. सामान किती आणणार म्हणून मी सहज विचारलं. एकच पिशवी म्हणाली. मी म्हणालो, दोन आण.

२३ मे, शनिवार

पुन्हा भोक. या वेळी दुसऱ्या बाजूला, एका माशाच्या डोळ्यात अगदी मधोमध. उद्या सकाळी ते लोक येतायत आणि कडं माझ्यासारखंच खांदे पाडून उभं आहे.

एक गोष्ट मात्र हाती लागली. भोकाशेजारी कुंकवासारखा लाल ठिपका होता, आणि त्यावर तांदळाचा एक दाणा चिकटलेला. ठिपका म्हणजे कंपनीत माल तपासताना केलेली खूण. म्हणजे भोक आहे हे कंपनीला आधीपासून माहीत होतं! दाण्याचा उलगडा झाला नाही. हे सगळं अक्कासमोर बोललो. तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि म्हणाली, "असू दे रे. आता शोभतंय. आता न्हाई हात लावायचा." तिला माझी दया आली असावी.

आता ठिगळ वाळायलाही वेळ नाही. दैवशाला दोन दिवसांनी बोलली. म्हणाली, राहू द्या, पोरगी एक दिवस येतीय, तिचं तोंड बघा, भोकं काय बघत बसलाव. तिचे डोळे भरले होते. तिलाही आठ दिवस पाहिजेत, हे मला इतक्या दिवसांत कळलं नव्हतं.

२४ मे, रविवार

काय लिहू आणि कुठून सुरू करू! हात अजून ओले आहेत.

सकाळी स्टेशनवर गेलो. साक्षी उतरली, जरा भरलीय. आदिनाथराव गाडीतून उतरले तेव्हा गोरे होते, रिक्षात बसेपर्यंत गुलाबी झाले आणि घराच्या पायरीवर लाल. पाटावर बसवून आम्ही दोघांनी दोघांचे पाय धुतले. गार पाण्यानं त्यांनी डोळे मिटून घेतले, मला वाटलं पुन्हा चक्कर. अक्काने तबकात दिवा ठेवून तेहतीस अनारशांचं वाण दिलं. एकेका अनारशाला जाळी अशी की पलीकडचा माणूस दिसावा. आणि मग तिनं मला न विचारता हळद-कुंकू घेऊन हौदालाही बोट लावलं आणि आदिनाथरावांचा हात कड्यावर ठेवला. वाण दिलं म्हणाली.

जेवण झालं. धोंडे आणि तूप, त्यात पत्रा तापलेला. आदिनाथरावांच्या कपाळावरून घाम ताटात पडत होता. मी सकाळीच तोंडानं फुंकून फुंकून वरचं कडं उभं ठेवलेलं. म्हणालो, जावईबापू, चला. ते बनियन आणि चड्डीवर हौदात उतरले, मी ट्यूब दिली, ते ट्यूबमध्ये बसले, आणि त्यांच्या तोंडावर असं सुख पसरलं की मी मनात आठ दिवस मोजूनही टाकले.

तेवढ्यात कडं बसलं.

हळूहळू बसलं असतं तरी चाललं असतं. ते एकदम बसलं. सगळं पाणी एका बाजूनं निघालं, अंगणातून दारात, दारातून रस्त्यावर, आणि त्याच्यासोबत ट्यूब, आणि ट्यूबमध्ये आमचे जावई. फाटकाशी जाऊन अडकले. फाटकाबाहेर किशनराव भाजीची पिशवी घेऊन उभे होते. त्यांनी वाकून नमस्कार केला आणि विचारलं, प्रवास कसा झाला?

साक्षी हसायला लागली. पायरीवर बसून, पदर तोंडात घालून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. दैवशाला हसली, अक्का हसली. मीच एकटा रडायच्या बेतात होतो. आदिनाथराव उठले, निथळत हौदापाशी आले, आणि कडं हातात घेऊन बघायला लागले. माशाचा डोळा बघितला. माझं ठिगळ बघितलं. ठिगळ चौकोनी कापलंय, कोपरे उचलतात, गोल कापायला पाहिजे, असं म्हणाले. मग कात्री मागितली. मग पॉलिश पेपर. मग स्पिरिट.

पाच वाजता साक्षीने गाडीची आठवण केली. त्यांनी वर न बघता विचारलं, सोल्युशन वाळायला किती वेळ लागतो? मी म्हणालो, उद्यापर्यंत.

"मग आज कसं जायचं मामा? हे असं उघडं टाकून?"

मी मागच्या खोलीत गेलो आणि दार लावून दोन उड्या मारल्या. वयाला शोभत नाही, पण डायरीत खोटं लिहू नये.

२५ मे, सोमवार

ठिगळ वाळतंय. साक्षीने माझी एक चप्पल कुठं घातली देव जाणे. अर्धा तास ओरडलो. फार बरं वाटलं.

२७ मे, बुधवार

माशाचा डोळा एकदम पक्का झाला. आदिनाथरावांचं काम बघत राहावं असं आहे. काल दिवसभर ते हौदात होते. डोक्यावर ओला पंचा, हातात कैरीचं पन्हं. म्हणाले, मामा, असं असेल तर ऊन काही वाईट नाही. डेअरीत फोन करून रजा दोन दिवसांनी वाढवली. पण हौद पक्का झाला म्हणजे काम संपलं, आज संध्याकाळी निघू, असं ठरत होतं.

आणि सकाळी नवं भोक! अगदी बारीक, टाचणीचं असावं तसं. आदिनाथराव कपाळाला हात लावून खाली बसले आणि कात्री मागितली. गाडी राहिली, रजा पुन्हा वाढली. मला कंपनीचा राग यायला पाहिजे, पण येत नाही.

दैवशालाच्या बांगडीतली सेफ्टी पिन पार वाकलीय, दुपारी ती बदलत होती. एवढं काय टोचत होतीस विचारलं तर चिंचोके काढत होते म्हणाली. या वर्षी चिंच आणलेली मला आठवत नाही. मशीनच्या आवरणाचा दुसरा कोपरा मात्र तिनं स्वतःहून कापून दिला. मोठ्या मनाची बाई आहे.

२९ मे, शुक्रवार

अक्का वालूरला गेली. एसटीत बसवताना माझा हात धरून म्हणाली, "वाण पोचलं बघ. भोक होतं म्हणून पोचलं." मी म्हणालो, हो अक्का, अनारसे फक्कड झाले होते. ती माझ्याकडं जरा वेळ बघत राहिली. उन्हानं थकली असेल. वाकळ मात्र साक्षीला देऊन गेली.

आज संध्याकाळी अंगणात साक्षी दैवशालाच्या डोक्याला तेल लावत होती. मी हौदात बसलो होतो आणि आदिनाथराव कड्याला साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधत होते. घरात चार माणसं आहेत आणि चारही मला पाहिजेत तीच आहेत, असं वाटलं. मोठ्यानं म्हणणार होतो, पण नाकात पाणी गेलं.

३० मे, शनिवार

आणखी एक भोक. तळाला, चपटं. मी आता मोजायचं सोडलं. किशनराव म्हणतात की अशी भोकं पडणारा हौद त्यांनाही एक मागवून द्या, त्यांचा धाकटा मुलगा पुण्यात असतो. हसून म्हणाले, पण भिंतीवरून लवकर खाली उतरले.

साक्षीला लहानपणापासून दुपारचं ऊन चालत नाही. काल मात्र सगळे झोपलेले असताना ती एकटीच हौदाशी बसलेली दिसली. केस मोकळे, केसातला आकडा हातात. काय करतेस विचारलं तर म्हणाली, पाणी बघतेय आप्पा. सासरी डोंगर खूप असतील पण पाण्याची हौस ती हौसच.

३१ मे, रविवार

हौद पक्का झाला. आज सकाळपासून संध्याकाळपर्यंत हवा तसूभर कमी नाही, पाणी काठोकाठ. आदिनाथरावांनी चारही बाजूंनी कान लावून ऐकलं, टिचक्या मारल्या, आणि हात पुसून उभे राहिले. म्हणाले, झालं मामा. मंगळवारी निघतो.

त्यांचा चेहरा मात्र काम संपल्यावर माणसाचा असतो तसा नव्हता. बोटांना सवय लागते कामाची.

दैवशाला शेवभाजी करते म्हणाली आणि मीठ घालायला विसरली. सगळ्यांनी तशीच खाल्ली. मला आठ दिवस पाहिजे होते, ते मिळाले. हिशेबानं मी खूश असायला पाहिजे. नाही खूश. आठ दिवसांचं सुख आठव्या दिवशी कमी पडतं, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

१ जून, सोमवार

आजचं अक्षर फुटकं येतंय, त्याला कारण आहे.

दुपारी जेवणं झाली. साक्षी पिशवी भरायला लागली. एकच आणली होती, माझं ऐकलं नव्हतं. दैवशाला तिला लोणच्याची बरणी बांधून देत होती. आदिनाथराव मागच्या खोलीत होते. मी हौदापाशी जाऊन उभा राहिलो. निळा, टंच, चकाकणारा. पंधरा दिवस ज्याच्यासाठी माझे नाकी नऊ आले तो हौद एकदाचा जसा पाहिजे तसा झाला होता, आणि मला तो बघवेना.

खिशात पेन होतं. हेच.

इकडं तिकडं बघितलं. किशनराव भिंतीवर नव्हते, देवाची कृपा. पेन काढलं, टोपण दातात धरलं, मधल्या कड्यावर टेकवलं आणि डोळे मिटून दाबलं. प्लॅस्टिक मजबूत आहे, कंपनीला उगाच नावं ठेवली. दुसऱ्यांदा दाबलं तेव्हा फुस्स आवाज आला. हृदय असं धडधडलं की बारवेत पहिली उडी मारली तेव्हाही धडधडलं नसेल. पळत घरात आलो आणि झोपल्याचं सोंग घेतलं. दैवशाला दारात उभी होती. घाम का आलाय विचारलं. मी घोरलो.

निब वाकली. वाकू दे.

२ जून, मंगळवार

सकाळी सगळ्यांच्या आधी आदिनाथराव अंगणात गेले. मी खिडकीतून बघत होतो. हौद भुईसपाट पडला होता. एका भोकानं एवढं व्हायला नको होतं, मी घाबरलोच. ते खाली बसले, कडं उचललं, आणि साबणाचं पाणी लावत लावत मधल्या कड्यापाशी थांबले.

तिथं मला इथूनही दिसत होतं. माझ्या भोकाभोवती पेनाची निळी शाई पसरली होती, अगदी बोटभर. काल डोळे मिटले होते, त्यामुळं मला कळलंच नाही.

त्यांनी शाईकडं बघितलं. मग खिडकीकडं बघितलं. मी बाजूला झालो, पण माझ्या सदऱ्याचा खिसा मला दिसत होता, त्यालाही शाई लागलेली. पुन्हा डोकावलो तेव्हा ते स्पिरिटचा बोळा घेऊन शाई पुसत होते. सावकाश, चारही बाजूंनी. अगदी स्वच्छ झाल्यावर त्यांनी बोळा लिंबाच्या मुळाशी मातीत दाबला आणि मग सगळ्यांना हाक मारली.

आम्ही बाहेर आलो. ते गंभीरपणे म्हणाले की भोकं चार आहेत. एक मधल्या कड्याला, एक वरच्या, एक तळाला, आणि एक हवेच्या झाकणाशी, जिथं हात घालायला पाना लागतो. दैवशाला लिंबाकडं बघायला लागली. साक्षी केसात आकडा बसवत होती, तो बसत नव्हता. मी सदऱ्यावर हात धरून उभा होतो. यातलं एक माझं आहे, पण बाकीची तीन कुठून आली ते मला खरंच सांगता येणार नाही. अक्का तर वालूरला आहे, आणि मांजर अजून गंगाखेडला.

"आठवडा तरी जाईल," आदिनाथराव म्हणाले, आणि कात्री मागितली.

साक्षीने पिशवी उलटी करून पलंगावर ओतली. दैवशालाने आवरणाचा तिसरा कोपरा कापला. माझी चप्पल पुन्हा सापडत नाहीये.